घर विकत घेण्यापूर्वी : मालवण किनाऱ्यावरील घरांची पाहणी आणि पारख

सिंधुदुर्ग जिल्ह्यात विक्रीला निघालेले घर बहुधा बंद घर असते. मालक मुंबईत किंवा ठाण्यात, किल्ली शेजारच्या भावकीत, आणि दार उघडते ते चतुर्थीला, मे महिन्यात, फार तर शिमग्याला. राहत्या घराचे दोष राहणाऱ्यांच्या रोजच्या तक्रारींतून कळतात. बंद घराबद्दल तक्रार करायला कुणी नसते. चुलीचा धूर थांबला की वाशांना भुंगा लागतो. दोन पावसाळे कुणी कौलांवर चढले नाही की आढ्याजवळचे एक सरकलेले कौल खालची सगळी भिंत भिजवून ठेवते. विक्रीच्या आधी रंगाचा हात फिरला की यातले काहीही दिसत नाही.

अशा घराची पाहणी करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: घर ज्या जागेवर उभे आहे ती जागा, प्रत्यक्ष बांधकाम, आणि विकणाऱ्याचा विकण्याचा हक्क. घेणारा सर्वांत जास्त वेळ घालवतो तो बांधकाम पाहण्यात, आणि खरे तर धोका सर्वांत कमी असतो तोही तिथेच. फुटलेली कौले बदलता येतात, कुजलेला वासा काढून नवा चढवता येतो, फुगलेला गिलावा खरवडता येतो. या सगळ्याची किंमत मिस्त्री आधी सांगू शकतो आणि ती सौद्यातून वजा करता येते. समुद्राने खाल्लेली जमीन, शेजाऱ्याने अडवलेली वाट आणि सही न देणारा सहहिस्सेदार यांची किंमत कुणालाच आधी सांगता येत नाही. पैशाने निस्तरणारे दोष आणि न निस्तरणारे दोष वेगळे काढणे हेच पाहणीचे मुख्य काम.

कायद्यानेही दोषांची अशीच एक विभागणी केली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, जो दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडण्यासारखा नाही, तो सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. डोळ्यांना दिसू शकणाऱ्या दोषाबाबत मात्र घेणाऱ्याला नंतर बोलायला जागा उरत नाही. पाहणी न करता घेतलेल्या घराच्या बाबतीत कायद्याचा आधार त्यामुळे फार तोकडा पडतो.

विक्रीस येणारी घरे ढोबळमानाने तीन पिढ्यांची आहेत. पहिली पिढी जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतींच्या कौलारू घरांची: पुढे खळे आणि तुळस, मग ओटी, वळई, माजघर, देवघर, वर माळा, मागे पडवी आणि न्हाणी. दुसरी पिढी गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत चाकरमान्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या घरांची. तिसरी पिढी पर्यटनाची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. दरम्यान तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा या पट्ट्यात घरांना खोल्या जोडल्या गेल्या आणि घराचे निवास-न्याहारीचे घर झाले. तिन्ही पिढ्यांचे आजार वेगळे आहेत. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या गावांतल्या नव्या फ्लॅटांबद्दल इथे एवढेच पुरे की महारेराची नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. नोंदणीकृत प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंतचे बांधकामाचे दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. जुन्या घराला असले संरक्षण नाही.

पाहणीची वेळ महत्त्वाची आहे. दलाल घर दाखवतात ते दिवाळीनंतर, जेव्हा आकाश निळे असते आणि खळे नुकतेच चोपून सारवलेले असते. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून घर पाहावे ते जुलैमध्ये, शक्यतो पाऊस लागून राहिलेला असताना. छप्पर, भिंत, जोते, अंगणातून पाणी जाण्याची वाट आणि रस्ता ही सगळी परीक्षा एका दुपारी होते. विहिरीसाठी मात्र दुसरी खेप मेअखेर करावी लागते. कोरड्या दिवसांत पाहणे भागच असेल तर पावसाच्या खुणा शोधाव्यात: छताच्या फळ्यांवर तपकिरी कडांची वर्तुळे, भिंतीवर जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर संपणारी काळसर रेघ, वळचणीखाली चिऱ्यावर उडालेल्या लाल चिखलाची नक्षी. एकाच खोलीची एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर तिच्यासमोर जास्त वेळ उभे राहावे.

जागेपासून सुरुवात करायची तर समुद्राकाठची जागा आधी घ्यावी लागते, कारण बाहेरचा ग्राहक तिच्याच ओढीने येतो. देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सापडलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तोंडवळी-तळाशीलची ठेवणही तशीच, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. अशा पट्ट्या स्थिर नसतात. लाटा आणि नदीचा प्रवाह वाळू इकडून उचलतात, तिकडे टाकतात. पावसाळ्यातल्या उधाणात किनारा कापला जातो आणि सातबाऱ्यावर मात्र जुनेच क्षेत्र राहते. दहा गुंठ्यांची किंमत मोजून प्रत्यक्षात साडेआठ गुंठे हाती येणे ही अशा ठिकाणी नवलाची गोष्ट नाही. जमिनीची सरकारी मोजणी करून घेतल्याशिवाय किनाऱ्यालगतच्या घराचा दर ठरवू नये. धूपप्रतिबंधक बंधारा असल्यास तो कुठे संपतो तेही पाहावे. बंधाऱ्यामागचे घर वाचते, पण बंधाऱ्याच्या टोकापलीकडची वाळू अधिक वेगाने जाते, आणि विक्रीचे घर नेमके त्या टोकाला असू शकते. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येते हे शेजारची म्हातारी माणसे पावलांनी मोजून दाखवतात. नकाशापेक्षा ते अधिक भरवशाचे.

भरती रेषेचा कायदेशीर अर्थही आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, त्यानंतर २०११ आणि २०१९ च्या. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे तिथे भरती रेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते. याशिवाय मालवण आणि आचरा यांची गणना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत झालेली आहे, आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. ना-विकास पट्ट्यातले पूर्वीचे अधिकृत घर दुरुस्त करता येते, पण त्याचे जोते वाढवता येत नाही. यातून एक उफराटी गोष्ट घडते. समुद्रासमोरच्या रिकाम्या जागेपेक्षा तिथल्या मोडकळीस आलेल्या, पण जुन्या घरपट्टीच्या पावत्या असलेल्या घराला अधिक मोल येते. अशा घराच्या मागे अलीकडे जोडलेल्या दोन खोल्यांचे मोल मात्र शून्य धरावे, किंबहुना वजा. त्या पाडण्याची नोटीस नव्या मालकाच्या नावाने येईल.

खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या घरांना पुराचा प्रश्न आहे. तेरेखोलच्या काठावरचे बांदा आणि कणकवली तालुक्यातले खारेपाटण इथे बाजारपेठेत पाणी शिरणे नेहमीचे. बांद्याला ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराने वेढले. अशा गावांत दाराच्या चौकटीचा खालचा भाग आणि विजेच्या बोर्डाची उंची पाहिली तरी पुष्कळ कळते. घरमालकाने बोर्ड छातीच्या वर नेलेला असेल तर तो हौस म्हणून नेलेला नसतो. सड्यावरच्या जागेला पुराचे भय नाही. तिथे वारा, पाण्याची टंचाई आणि कातळात न जिरणारे सांडपाणी. उतारावरच्या जागेत डोंगर कापून केलेली उभी कड घरापासून किती दूर आहे आणि तिच्या माथ्यावरून पाणी वळवणारा चर आहे का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट या भागातलीच: चिरे काढून झालेल्या खाणीत भराव टाकून सपाट केलेले प्लॉट. वरून हिरवळ उगवलेली असते. भराव पुरता बसायला अनेक पावसाळे लागतात, आणि तोवर त्यावर बांधलेल्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघत राहतात.

आता बांधकाम. जांभा हा या किनाऱ्याचा दगड. फ्रान्सिस बुकनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाची नोंद केली, तेव्हा खाणीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो, हा त्याचा गुण त्याने टिपला होता. पण सगळा चिरा सारखा नसतो. चांगला चिरा गडद लाल, जड, ठोकल्यावर खणखणीत. कच्च्या चिऱ्यात पिवळ्या-पांढऱ्या चिकणमातीचे डोळे असतात, ते पावसाने धुपून जातात आणि भिंतीला भोके पडतात. पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची भिंत आधी पाहावी, कारण झड तिथेच लागते. जुनी माणसे पावसाळ्यापूर्वी त्या बाजूला झावळ्यांच्या किंवा गवताच्या झडी बांधत. त्या बांधण्याच्या खुंट्या अजून भिंतीत असतील तर ती भिंत झडीची आहे हे उघड.

जांभा सच्छिद्र आहे. मातीत किंवा चुन्यात रचलेली त्याची भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की पिणे थोडे कमी होते, पण सोडणे जवळजवळ थांबते. ओल आत कोंडते आणि क्षारांसह गिलाव्यामागे साठते. मग पांढरा लोणा फुटतो, रंग फुगतो, बोट लावले की गिलाव्याचा पोपडा सुटतो. घर सुधारून घेतले असे विकणारा अभिमानाने सांगतो, तेव्हा सुधारणा म्हणजे नेमके काय केले हे विचारावे. चुन्याची भिंत तशीच ठेवलेले घर दिसायला गरीब वाटते, पण पाहणीत बहुधा तेच उजवे ठरते. लोणा फक्त जोत्यालगत असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. भिंतीच्या माथ्याशी असेल तर छपरातून उतरते आहे. दोन्हीकडे असेल तर दुरुस्तीचा अंदाज दुप्पट करावा.

छपराची पाहणी खालून होत नाही. माळ्यावर भर दुपारी, दिवा न लावता चढावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. उजेडाचा प्रत्येक ठिपका म्हणजे पावसाळ्यातली एक धार. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. पुढे ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि जुन्या घरांवर अजूनही निरनिराळ्या कारखान्यांची नावे उठवलेली सापडतात. ती नावे वाचण्यात केवळ कुतूहल नाही. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच थोडी वेगळी असते, आणि एका पाखीवर तीन कारखान्यांची कौले मिसळलेली असतील तर ती एकमेकांत नीट बसत नाहीत. मधून पाणी येतेच, कितीही शाकारले तरी. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांत कौले आणि पत्रे उडाली आणि मिळेल त्या कौलांनी घाईने डागडुजी झाली. अशी पाखी लांबून ठिगळासारखी दिसते.

कौलांखाली लाकूड. साग, फणस, ऐन, किंजळ यांचे वासे आणि तुळया शंभर वर्षे टिकू शकतात, पण टोके कोरडी राहिली तरच. वासा कुजतो तो मधे नव्हे, जिथे तो भिंतीच्या माथ्यावर टेकतो आणि वळचणीखाली बाहेर येतो तिथे. दाभण किंवा पेचकस तिथे अंगठ्याच्या जोराने टोचून पाहावा. चांगल्या लाकडात टोक अडते. कुजलेल्यात ते बोटभर आत जाते आणि काढताना ओलसर भुसा घेऊन येते. भुंग्याची भोके जुनी काळवंडलेली असतील तर कीड मरून गेलेली असू शकते. भोकाखाली जमिनीवर पिवळसर ताजे पीठ पडलेले असेल तर ती जिवंत आहे. वाळवी लाकडात शोधण्याआधी जोत्यावर शोधावी: जमिनीतून वर निघालेल्या मातीच्या पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या. नुसत्या झाडून टाकलेल्या नळ्यांची रेघ भिंतीवर पुसट उरते. माडाच्या किंवा पोफळीच्या रिपा वापरलेल्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च गृहीतच धरावा. तो फार नसतो.

स्लॅबच्या घराचे दुखणे आतले असते. समुद्रावरून येणारी खारी हवा, आणि त्याहून वाईट म्हणजे न धुता वापरलेली खाडीची वाळू, यांतले क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, म्हणून सळईच्या रेषेतच भेग पडते, मग तपकिरी डाग, मग काँक्रीटचा पापुद्रा खाली. भारतीय मानक ४५६ : २००० मध्ये समुद्रकाठच्या वातावरणाची गणना तीव्र परिस्थितीत केली आहे आणि सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन आणि किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे, सौम्य हवेत २० मिलिमीटर पुरते. गावात गवंड्याच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या स्लॅबला पाऊण-एक इंचाहून अधिक आच्छादन मिळाले तर नशीब. पाहणीची जागा ठरलेली आहे: छज्ज्याची खालची बाजू, जिन्याचा पोटभाग, न्हाणीघरावरचा स्लॅब आणि खांबांचे कोपरे. लाकडी हातोडीने ठोकत जावे. जिथे आवाज पोकळ येतो तिथे काँक्रीट सळईपासून सुटलेले आहे. एखाद-दुसऱ्या जागी सुटले असेल तर दुरुस्ती शक्य आहे. तुळयांची खालची बाजू सलग पोकळ वाजत असेल तर घराची किंमत जमिनीइतकीच समजावी, पाडण्याचा खर्च वजा करून. स्लॅबवर पत्र्याची शेड हे तर या जिल्ह्यातले नित्याचे दृश्य. ती वाळवणासाठी बांधली असे सांगितले जाते, आणि काही ठिकाणी ते खरेही असते. बहुतेक ठिकाणी खालचा स्लॅब गळतो म्हणून ती असते.

पाण्याच्या बाबतीत किनारा आणि आतला भाग यांत फरक पडतो. वाळूच्या पट्टीवर गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. शेजारी पर्यटकांच्या खोल्या वाढल्या, मोटारी दिवसभर चालू लागल्या की खारे पाणी वर येते. म्हणून मेअखेर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि तपासणी मोटार तासभर चालवल्यानंतरची असावी. सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्यावरून किनाऱ्यावर कुठेही गोडे पाणी लागते असा समज करून घेणारे ग्राहक भेटतात. तो समज महागात पडतो. विहीर कुणाची हेही विचारावे. सामाईक विहिरीत पाण्याचा हिस्सा असतो, तो खरेदीखतात लिहिलेला नसेल तर पुढे भांडण. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांत साधारण पन्नास फुटांचे अंतर हवे, आणि ते स्वतःच्याच नव्हे तर शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही. वाळूत सांडपाणी पटकन जिरते म्हणून लोक निर्धास्त राहतात. ते जिरून कुठे जाते ते विहीर सांगते. विजेचे काम थोडक्यात: अर्थिंग, मुख्य स्विच आणि मीटर कुणाच्या नावावर आहे.

मग वाट. कोकणातली घरे वाड्यांत विखुरलेली. एका घराला जायचे तर दुसऱ्याच्या खळ्यातून, तिसऱ्याच्या काजूच्या बागेतून. भावकी गुण्यागोविंदाने नांदत असते तोवर वाट असते. घर परक्याकडे गेले की त्याच वाटेवर चिऱ्याचा गडगा उभा राहू शकतो. पायवाट असणे आणि गाडीवाट असणे यांतही मोठे अंतर आहे: पायवाटेने चिरे, वाळू आणि सिमेंट डोक्यावरून न्यावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेताकडे जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मागता येते, आणि वीस वर्षांच्या निर्वेध वापराने सुविधाधिकार मिळतो. हे सगळे मार्ग खरे, पण लांबचे. सरकारी रस्त्यापासून घरापर्यंतची वाट नकाशात नसेल तर वाटेच्या मालकाकडून नोंदणीकृत लेख घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाहणीतल्या सगळ्या सल्ल्यांतला हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा सल्ला असेल.

कागदांत पहिला गोंधळ घरपत्रकाचा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे, घरपट्टी भरलेली आहे, म्हणजे घर त्याचे, असे समजले जाते. तो उतारा कर आकारणीचा आहे; मालकी त्याने सिद्ध होत नाही, आणि घराखालची जमीन कुणाची हे तर तो सांगतच नाही. इथल्या पुष्कळ घरांच्या खाली गावठाण नसून शेतजमीन असते. म्हणून घर विकत घेणे म्हणजे शेतजमीन विकत घेणे ठरू शकते, आणि कूळ कायदा, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बिनशेती आदेश आहे का, आणि असल्यास तो घराखालच्याच हिश्श्याचा आहे का, हे पाहणे त्यामुळे अपरिहार्य.

सातबारा वाचताना गाव नमुना ७ वरचे तीन भाग पाहावेत. भोगवटादाराचा वर्ग: वर्ग १ असेल तर विक्री सहसा मोकळी, वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी. इतर हक्क: इथे कुळाचे नाव, बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कधी एखाद्या झाडावरचा दुसऱ्याचा हक्क नोंदलेला असतो. माड एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, अशी उदाहरणे कोकणात जुनीच आहेत. तिसरा भाग नावांचा, आणि या जिल्ह्यात खरी अडचण तिथेच. समजा बारा गुंठ्यांच्या सामाईक हिश्श्यात विकणाऱ्याची आणेवारी रुपयात दोन आणे आठ पै आहे. म्हणजे सहावा हिस्सा, दोन गुंठे. पण कुठले दोन गुंठे? वाटप झाले नसेल तर बाराही गुंठ्यांच्या कणाकणात त्याचा सहावा भाग आहे आणि एकाही कोपऱ्यावर त्याचा एकट्याचा हक्क नाही. तोंडी वाटपाने तो तीस वर्षे त्या घरात राहत असेल. मुंबईतल्या चुलत भावंडांना ते वाटप मान्य असल्याचे पत्र कुणाकडेच नसते. मयतांची नावे तशीच राहिलेली असतात, आणि वारसनोंद झाली असली तर बहिणींची नावे गाळलेली असू शकतात. हिंदू वारसा कायद्यातल्या, महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या, दुरुस्तीने मुलींना सहदायाद म्हणून हक्क मिळाला आहे, तेव्हा त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच.

कुणी म्हणेल, अविभक्त हिस्साच घेऊ, पुढचे पुढे पाहू. राहत्या घराबाबत हा विचार घातक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात कुटुंबासोबत सामाईक ताबा मागता येत नाही. तो वाटपाच्या दाव्याला गेला, तर वाटप अधिनियम, १८९३ चे कलम ४ कुटुंबातल्या माणसाला त्याचाच हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेऊ देते. त्यातून घर जर मूळ घर असेल, म्हणजे साऱ्या शाखांचा गणपती आणि कुळाचार जिथे होतो ते, तर एकाही हिस्सेदाराची नाराजी वरवरची समजू नये. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी देवघराचे काय ठरले, हे विचारून ते खरेदीखतात लिहून घेणारा माणूस शहाणा.

काही गावांचे प्रश्न एका घराच्या कागदांत सुटत नाहीत: आंबोली, गेळे, चौकूळ इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, किंवा सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या आकारीपड जमिनींचा. देवस्थान इनाम जमिनीवरच्या घराचेही तसेच. तिथे स्थानिक वकिलाच्या लेखी मताशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नये. एरवी तीस वर्षांचा शोध, इंडेक्स दोन, सगळे फेरफार आणि स्थानिक दैनिकातली जाहीर नोटीस हा नेहमीचा क्रम.

किंमत ठरवताना घर आणि जमीन वेगळी करावी. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि एक आर गुंठ्याहून किंचित लहान. जमिनीचा दर आसपासच्या नोंदलेल्या व्यवहारांवरून घ्यावा. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते मुद्रांक शुल्कासाठी असतात, त्यांना बाजारभाव समजू नये. त्यात फळत्या झाडांचे आणि विहिरीचे मोल मिळवावे. जुन्या घरात सागाचे आणि फणसाचे लाकूड, खांब, दारे आणि चांगला चिरा यांना स्वतंत्र भाव आहे, आणि पुष्कळदा घराची खरी किंमत तेवढीच असते. त्यातून छप्पर, भिंत, वाळवी, वाट आणि मोजणी यांचा खर्च वजा करावा. समुद्र दिसतो म्हणून वाढवलेला दर, ना-विकास पट्टा लागत असेल तर, मान्य करू नये. पर्यटकांच्या खोल्यांचे उत्पन्न दाखवले जाते तेव्हा हंगाम किती महिन्यांचा आणि खोल्यांची नोंदणी आहे का, हे विचारावे. कर्ज घेतल्यास बँकेचा मूल्यांकनकर्ता येतो, पण तो बँकेच्या तारणाची खात्री करतो. गळके छप्पर त्याच्या अहवालात येईलच असे नाही.

घर-तपासनीस असा परवानाधारक धंदा आपल्याकडे नाही. त्याचे काम वाटून घ्यावे लागते: कौलारू घराला गावचा सुतार, स्लॅबला अभियंता, हद्दीला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक, कागदांना वकील. यांतला कुणीही विकणाऱ्याने किंवा दलालाने आणलेला नसावा. मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे धारक हजर राहतील असे पाहावे. हद्दीचा दगड त्यांच्यासमोर बसला तर पुढे कुरकुर कमी होते. साठेखतात मोजणी, वाट, विहिरीचा हिस्सा, झाडे आणि आतल्या वस्तू वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि शेवटचा हप्ता रिकामा ताबा मिळण्याशी बांधावा. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेल्यावर तलाठी फेरफार टाकतो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात; हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आणि वीजबिलावर नाव चढवून घ्यायचे. ही तिन्ही कामे वेगवेगळ्या कार्यालयांत होतात, आणि एक झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही.